सुलटा करायचा दिवस

त्या घरात ट्रॅक्टर एकच होता, पण घरातली माणसं ते दोन असल्यासारखं बोलायची. एक सुलटा आणि एक उलटा. सुलटा नांगरायचा, पेरायचा, पाण्याची टाकी ओढायचा, शेजाऱ्याचं बिऱ्हाड हलवायचं असलं तर तेही हलवायचा. उलटा फक्त गहू कापायचा. वर्षातले तीन-चार आठवडे घरी उलटा असायचा, एरवी सुलटा. लोखंड तेच, चाकं तीच, धूरसुद्धा तोच. तरी "उलट्याला ग्रीस लावलं का?" असं कुणी विचारलं की घरात कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

हा काय प्रकार होता ते आधी सांगायला हवं, कारण आता असली खटपट कुणी करत नाही. घरच्या वडिलांनी ट्रॅक्टर घेतल्यावर दोन वर्षांनी त्याला जोडायचा कापणीचा संच आणला. कापणारं लांब पातं, मळणीचा ड्रम आणि बाजूला माणूस उभा राहून पोती भरेल अशी एक फळी. अडचण एवढीच की हे सगळं ट्रॅक्टरच्या पाठीमागेच बसायचं, कारण यंत्र फिरवणारा दांडा मागे होता. म्हणजे कापायचं तर ट्रॅक्टर दिवसभर मागे मागे चालवायला हवा. मग काय करायचं, तर सीट उचलून उलट दिशेला तोंड करून बसवायची, स्टिअरिंग एका लांब सळईने त्या बाजूला न्यायचं, आणि मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी पोटात जे मोठं दातेरी चक्र असतं, ज्याला क्राउन म्हणतात, ते काढून दुसऱ्या बाजूने बसवायचं. तसं केलं की सगळे गिअर फिरतात. पुढे जाणारा मागे जातो आणि मागे जाणारा पुढे. यंत्र चढवायला दोन-तीन दिवस लागायचे, उतरवायला तेवढेच, आणि दोन्ही वेळा शिव्या सारख्याच लागायच्या.

यंत्र चढलं, पण चालवणार कोण? पहिल्या वर्षी वडील बसले आणि सरळ खताच्या ढिगात गेले. मग दादा बसला. दादा म्हणजे थोरला मुलगा. सुलट्यावर त्याचा हात असा बसला होता की अरुंद बोळातून ट्रॉली मागे घ्यायची असली तर लोक त्याला बोलवायला यायचे. तो ऐटीत चढला आणि शेजाऱ्याचं निम्मं कुंपण घेऊन थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उलट्याची वळणारी चाकं पाठीमागे असायची. उजवीकडे वळायला गेलं की आधी शेपूट डावीकडे फेकली जायची. ज्याला नीट चालवता येत होतं त्याचे हात नेमके चुकीच्या वेळी नेमकी चुकीची गोष्ट करायचे. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून आपटली आणि कुंपणापाशी उभं राहून हसणाऱ्या धाकट्या मुलीला म्हणाले, "बस गं तू. तुला तर काहीच येत नाही."

काही येत नसण्याचा त्या घराला एवढा फायदा पूर्वी कधी झाला नव्हता. ठकी, म्हणजे ती मुलगी, वर चढली आणि गव्हाच्या कडेने सुतासारखी सरळ गेली. तिला विसरायचं काही नव्हतंच. शेपूट बाहेर जाते तर जाते, ट्रॅक्टर असाच वळत असणार असं तिला वाटलं. शेताच्या टोकाला तिने तो वळवला आणि परत आणला, तेव्हा वडील टोपी पुन्हा डोक्यावर घालून उभे होते. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं म्हणत दादा मुकाट्याने पोत्यांच्या फळीवर जाऊन उभा राहिला. पुढची सगळी वर्षं कापणीच्या दिवसांत ती वर आणि तो फळीवर, असंच चाललं.

कापणी संपली की शेवटच्या दिवशी वडील अंगणात येऊन म्हणायचे, "उतर गं आता." ती उतरायची. मग ड्रम निघायचा, फळी निघायची, सीट निघायची, आणि क्राउनचं पोट उघडलं की काळं तेल झेलायला तीच घमेलं घेऊन खाली बसायची. दोन-तीन दिवसांनी सुलट्यावर दादा. एकदा तिने सुलटाही चालवून पाहिला, तर दहा पावलांत गुरांच्या पाण्याचा हौद फोडला. घरात सगळे पोट धरून हसले. तीही हसली. पण तिच्या लेखी सुलटाच उलटा होता, हे त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लग्न होऊन ती शहरात गेली आणि दवाखान्याच्या खिडकीत रोग्यांना नंबर द्यायच्या कामाला लागली. कापणी आली की रजा टाकून माहेरी यायची. नवरा भला माणूस. म्हणायचा, "लोकांच्या बायका माहेरी जाऊन गोऱ्या होऊन येतात, आमची कोळसा होऊन येते." दवाखान्यात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. खिडकीतून बोटं पुढे करणाऱ्या हजारो माणसांपैकी एकालाही कधी वाटलं नसेल की ही बाई वर्षातले वीस-पंचवीस दिवस पाठीकडच्या चाकांनी वळणारं धूड चालवते. तिला मात्र बाकीचं वर्ष त्या दिवसांच्या जोरावर काढता यायचं.

मग भाड्याने मिळणारी मोठी कापणी यंत्रं आली. तीन आठवड्यांचं काम दीड दिवसात व्हायला लागलं. उलट्याची शेवटची कापणी झाली त्याच वर्षी वडील गेले, आणि त्या गडबडीत यंत्र उतरवायचं राहूनच गेलं. दादाने नांगरणीसाठी दुसरा ट्रॅक्टर घेतला. जुना शेडमध्ये ताडपत्रीखाली उलटाच राहिला. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. ठकीची या काळात आत्या झाली, दादाच्या मुलांची आणि मग ती ज्या ज्या दारी गेली तिथली सगळ्यांचीच. नवरा गेला, नोकरी संपली. माहेरी आली की चहा व्हायच्या आत ती "पाय मोकळे करून येते" म्हणून शेडमध्ये जायची आणि ताडपत्रीचं एक टोक वर करून बघायची. आहे का, एवढंच. असायचा.

अशात दादाचा फोन आला. "ठके, ट्रॅक्टर सुलटा करायचाय. शहरात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरतंय, मोठी मिरवणूक आहे. मी स्वतः चालवत नेणार आहे. तू ये. काय आधी निघतं आणि काय नंतर, ते मला आता आठवत नाही."

"येते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. ट्रॅक्टर दादाचा होता. सुलटा हेच त्याचं खरं रूप, असं सगळं घर जन्मभर मानत आलं होतं. आता या वयात तिने हट्ट कशाचा करायचा?

ती पोचली तेव्हा शेडपाशी मिस्त्री आलेला होता. जुन्या मिस्त्रीचा मुलगा, बापापेक्षा दुप्पट पोटाचा आणि चौपट बोलका. ताडपत्री काढून झाली होती. वहिनी पदराने नाक झाकून दारात उभी होती.

"वन्सं, आलात? बघा, तुमच्या भावाला म्हातारपणी मिरवायची हौस आली."

"लग्नात मिरवलो नाही धड," दादा म्हणाला. "पाऊस होता."

मिस्त्री ट्रॅक्टरखाली सरपटत गेला. बराच वेळ खालून ठोकल्याचे आवाज येत राहिले. मग तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "वरचं काही अवघड नाही. ड्रम, फळी, पातं, सगळं निघेल आणि म्हणाल तेव्हा परत बसेल. पण क्राउनच्या घराला बारीक चीर गेलीय. उघडीन, फिरवीन, बंद करीन, एवढं एकदा सोसेल ते. दुसऱ्यांदा उघडायला गेलो तर तुकडे हातात येतील. आणि याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. तेव्हा दादा, एकदा सुलटा झाला की सुलटाच. उलटा विसरायचा."

"सुलटाच हवाय," दादा म्हणाला.

आत्याने पदर खोचला आणि पातं बांधलेली साखळी बघायला लागली. साखळी ठीक होती, तरी ती बघत राहिली.

यंत्र काढायचं तर ट्रॅक्टर अंगणात आणायला हवा होता, कारण शेडचं छप्पर ठेंगणं. नवी बॅटरी आणली होती, टाकी धुऊन डिझेल भरलं होतं. मिस्त्रीने चार वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा इंजिन खोकलं, थुंकलं आणि सुरू झालं. शेड काळ्या धुराने भरलं. वहिनी बाहेर पळाली. आत्या आतच उभी राहिली. तो वास नाकात गेला आणि तिला एकदम रडू आलं. धूर होताच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

"व्हा बाजूला," म्हणत दादा वर चढला. "मी काढतो."

"दादा, शेपूट सांभाळ," ती म्हणाली.

"मला शिकवतेस?"

पातं दारातून अगदी नीट बाहेर पडलं. मग दादाने जरासं उजवीकडे घेतलं, आणि इंजिनाची बाजू डावीकडे जाऊन शेडच्या खांबावर अशी आदळली की वरचा पत्रा सुटून खाली आला तो थेट मिस्त्रीच्या जेवणाच्या डब्यावर. दादाने ब्रेक दाबला. मिस्त्री डब्याकडे बघत म्हणाला, "बायकोने आज नेमकं चांगलं केलं होतं."

"सवय गेली," दादा म्हणाला आणि खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. खांब चांगला मांडीएवढा जाड होता आणि पांढऱ्या रंगाने रंगवलेला होता. आत्याला ते कुठेतरी खटकलं.

"मी काढू का?" तिने विचारलं. कुणी नको म्हणायच्या आत ती चढली होती. गुडघे कुरकुरले, पण पाय आपोआप जिथे जायचे तिथे गेले. तिने गिअर टाकला, चाक फिरवलं, शेपूट खांबापासून वीतभर लांबून निघाली आणि ट्रॅक्टर अंगणात आला. तिथे थांबायचं होतं. ती थांबली नाही. अंगणातून विहिरीकडे गेली, विहिरीला वळसा घातला, आणि बांधाच्या कडेने रिकामं पातं उचलून परत आली. वाटेत एकदा ती मोठ्याने हसली. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण वहिनीला दिसलं.

"वन्संच्या अंगात आलंय," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी पातं, ड्रम आणि फळी निघाली. काय आधी आणि काय नंतर, हे आत्या सांगत गेली आणि मिस्त्री काढत गेला. डावीकडचा पट्टा आधी, मग ताणाची स्प्रिंग, मग वरचे बोल्ट, आणि खालच्या बोल्टला हात लावण्याआधी ड्रमखाली टेकूला घोडी. एखादं घर रिकामं करावं तसं एकेक काढून भिंतीशी लावून ठेवलं. दुपार कलली तेव्हा नुसता ट्रॅक्टर उरला, उलट्या सीटचा. जेवणं झाली तेव्हा वहिनीने सहज विचारलं, "वन्सं, तुम्हाला कसं वाटतंय हे सगळं?"

"मला काय वाटायचंय," आत्या म्हणाली.

"बोलणाऱ्याची माती विकली जाते बाई, आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," वहिनी म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

उन्हं उतरल्यावर बहीण-भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले. दादा म्हणाला, "ठके, तुला एक सांगतो, पण ते हिच्या कानावर घालू नकोस. खांब मला दिसला नाही."

"म्हणजे?"

"काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, अगदी ते वरचं पाखरूही दिसतं. पण बाजूचं पडद्याआड गेल्यासारखं झालंय. औषध घालतो. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते येणार नाही, राहिलेलं टिकवू. किती टिकेल ते सांगत नाहीत." त्याने हाताने चष्मा सारखा केला. "ट्रॅक्टर शहरातून आणला त्या दिवशी मी वीसचाही नव्हतो. वडील मडगार्डवर बसले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा रस्ता, आणि सबंध वाटेत ते एकदाही हळू म्हणाले नाहीत. ते कसे होते तुला ठाऊक आहे. तेवढा एकच दिवस. त्याच रस्त्याने एकदा जायचंय. पुढच्या वर्षी जमेलसं वाटत नाही."

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला जे बोलायचं होतं ते तिने गिळलं. आता बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माणसाचे डोळे जात असताना त्याच्याकडे ट्रॅक्टर कसा मागायचा? या डोळ्यांनी रस्त्यावर जाऊ नकोस, हेही तिने म्हणायला हवं होतं. तेही तिला म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळीच आला. या खेपेला डबा घरात ठेवून. क्राउनचं घर सीटच्या बरोबर खाली होतं, सीट त्याच्याच माथ्यावर बसवलेली. तेव्हा आधी मागची चाकं सैल करायची, मग सीट काढायची, मग पोट उघडायचं. चाकांचे नट गंजून घट्ट झाले होते. "आत्या, वर बसून ब्रेक दाबून धरा," मिस्त्री म्हणाला. ती बसली. त्याने लांब नळी लावलेल्या पान्यावर अंगाचा भार टाकला. नट किंचाळत किंचाळत सुटले, एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. दादा जवळ उभा राहून नट डब्यात टाकत होता. काळं तेल झेलायचं घमेलं खाली तयार होतं, आणि ते कुणी धरायचं हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

"झालं," मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला. "उतरा आत्या आता. सीट सोडवतो."

आत्या उतरली नाही.

तिने तसं काही ठरवलं नव्हतं. पाय ब्रेकवरून निघाला होता, हात चाकावर होते, आणि अंग उठत नव्हतं. मिस्त्रीला वाटलं ऐकू गेलं नसेल.

"आत्या, उतरा."

"ऐकलं मी."

"पाय धरला का?" दादाने विचारलं. "हात देऊ?"

"पाय ठीक आहे. मी उतरत नाही, दादा."

वहिनी चहा घेऊन येत होती ती मध्येच थांबली. आत्याने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि जन्मात कधी न बोललेलं वाक्य ती बोलली. "मला हा हवाय. असाच हवाय. सुलटा करू नकोस."

दादाला काही उमजेना. "असाच म्हणजे उलटा? कापायचंय काय त्याने? शेत तर दुसऱ्याला कसायला दिलंय."

"कापायचं काही नाही. नुसता असू दे."

"नुसता असून काय करणार?"

"येऊन बसेन. विहिरीपर्यंत नेईन आणि आणीन."

"हे फोनवर नाही सांगता आलं?"

"तू विचारलं नव्हतंस. करायचाय म्हणालास, मी येते म्हणाले."

"मग काल संध्याकाळी?" दादाचा आवाज चढला. "काल कठड्यावर बसलो होतो तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

काल संध्याकाळी का बोलली नाही, ते दोघांनाही ठाऊक होतं. वहिनी तीन पावलांवर उभी होती. तेवढं एक वाक्य म्हटलं असतं, या डोळ्यांनी तू रस्त्यावर जाणार कसा, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तिला तसं जिंकायचं नव्हतं. तिने ते मनातच ठेवलं.

"ट्रॅक्टर मी आणलाय," दादा म्हणाला.

"आणलास तू. पण तू आणलेला मी कधी चालवलाच नाही. एकदा बसले तर हौद फोडला, आणि तुम्ही सगळे हसलात. मला हाच ठाऊक आहे दादा. तुम्ही याला वर्षातले थोडे दिवस उलटा करायचात, तेवढेच दिवस तो माझा असायचा. आज सुलटा केलास की तुझा तुला परत मिळेल, आणि माझा कायमचा जाईल. मिस्त्री म्हणालेत ना, एकदाच उघडेल. म्हणून मागते. नाहीतर मागितला नसता."

दादाने हातातला नट डब्यात टाकला आणि शेडकडे गेला. कालच्या पोचा आलेल्या खांबापाशी पाठमोरा उभा राहिला. मिस्त्री चाकाला टेकून जमिनीवर बसला. असल्या घरगुती प्रकरणात कुठे बघावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो पान्याकडे बघत होता. वहिनीने त्याला चहा दिला, एक कप वर आत्याला दिला.

"बरं केलंत," ती हळूच म्हणाली.

"बरं कुठलं, वहिनी. त्याला किती लागलं असेल."

"लागू दे. तुम्हाला लागायचं तेव्हा आम्हाला कुठे कळायचं?"

चहा निवत आला तेव्हा दादा परतला. तो आत्याशी बोलायच्या आधी बायकोकडे वळला. "काल तो खांब मला दिसला नव्हता. डोळे गेलेत माझे, बाजूचे. तुला सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "डाव्या हाताला वाटी ठेवली की ती ताटात चाचपून शोधता. मी कधीपासून सगळं समोर मांडतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगाल कधीतरी आपणहून."

दादा बायकोकडे बघतच राहिला. या घरातल्या बायका न बोलता किती काय काय सांभाळून ठेवतात, हा हिशेब त्याने कधी मांडला नसावा. सकाळच्या उन्हात त्याचं तोंड एकाएकी फार म्हातारं दिसलं. तो ट्रॅक्टरजवळ आला. बहिणीला नीट बघायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली.

"तो रस्ता आता माझ्याने होणार नाही," तो म्हणाला. "कालच कळलं होतं मला. तरी म्हटलं, सुलटा तरी करून ठेवू. निदान दिसेल तरी तसा. दर वर्षी कापणी झाली की वडील म्हणायचे उतर, आणि तू उतरायचीस. दोन-तीन दिवसांनी मी वर बसायचो. इतकी वर्षं मी तो ट्रॅक्टर चालवत अंगणाबाहेर नेला, पण तू कुठे उभी असायचीस ते एकदाही बघितलं नाही. तेव्हा तर सगळं दिसत होतं मला."

आत्याच्या जिभेवर शब्द तयार होते. राहू दे दादा, कर सुलटा, मला काय करायचाय. जन्मभर ते शब्द ती बोलत आली होती. खिडकीत, सासरी, माहेरी, या अंगणात. आताही ते अगदी ओठांपर्यंत आले.

"बस तू," दादा म्हणाला. "या वेळी मी उतरतो." मग मिस्त्रीकडे वळून, आवाज होता होईल तेवढा रोजचा ठेवत तो म्हणाला, "चाकं आवळा परत. ड्रम चढवा, फळी चढवा. काय आधी ते ही सांगेल."

मिस्त्री उठला. दादा खाली वाकून डब्यातले नट एकेक करून त्याच्या हातात द्यायला लागला, आणि एक नट डाव्या बाजूला निसटून गेला तो त्याला सापडेना. वरून आत्याला तो स्वच्छ दिसत होता. दादाच्या चाचपडणाऱ्या बोटांकडे तिला बघवत नव्हतं. तरी ती बघत राहिली.

"दादा, डावीकडे," ती म्हणाली. "अजून जरा डावीकडे."

त्याला नट सापडला. ती उतरली नाही.